समुद्र दौंडला उतरतो

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी समुद्र दौंडला उतरायचा. मुंबईकडून येणाऱ्या पॅसेंजरच्या पार्सल डब्यातून, वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या दोन जाड काचेच्या बरण्यांत, बुचाला मेण लावून. पावतीवर लिहिलेलं असायचं, 'खारे पाणी, नग दोन'. पार्सल हपिसात नवा कारकून आला की तो हमखास चष्मा कपाळावर चढवायचा. "खारं पाणी आन् मुंबईहून? अहो, आमच्या क्वार्टरच्या हापशाला काय कमी खारं येतंय?" मग म्हाळूआबा, त्याच फलाटावर तीस वर्षं हमाली केलेला माणूस, छाती काढून सांगायचे, "हापशाचं न्हाई सायेब, समिंदराचं हाय ह्ये. माझं पोरगं शिरूरच्या कालिजात प्रोफेसर हाय. त्येला लागतं."

आणि लागायचंच. ज्ञानदेव, म्हणजे हेच आबांचं पोरगं, रविवारी एस्टीनं दौंडला यायचा, आईच्या हातची भाकरी खायचा आणि दुपारच्या गाडीनं चौफुला, न्हावरा करत दोन्ही बरण्या पायांत धरून शिरूरला न्यायचा. वाटेत गाडी खड्ड्यात आपटली की बरण्यांऐवजी हाच "अरे हळू!" म्हणून ओरडायचा. कंडक्टर त्याला ओळखून होता. "मास्तर, आज भरती का ओहोटी?" असं विचारूनच तिकीट फाडायचा.

आता खोटं कशाला बोला, ज्ञानदेव हुशार होता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. शाळेपासून पहिला नंबर, बी.एस्सी. पहिल्या वर्गात, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात सुवर्णपदक. वर्गात एखाद्या पोरानं भीत भीत सांगितलं, "सर, पुस्तकात वेगळं दिलंय," की हा म्हणायचा, "मग पुस्तकाला सांग दुरुस्त व्हायला." पोरं हसायची. पण चुकायचा नाही हो पठ्ठ्या, म्हणून सगळ्यांना ते चालवून घ्यावं लागायचं.

त्याची पीएच.डी. चालली होती एका शेवाळावर. शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं विहिरीच्या निसरड्या पायऱ्या येतात. हे तसलं नव्हे. हे समुद्रातलं, इतकं बारीक की थेंबभर पाण्यात हजारांनी मावावं आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसू नये. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की दिसतो एक गोल हिरवट-पिवळा दाणा, आणि त्याच्या अंगावर चुन्याच्या टिकल्या डकवलेल्या. ज्ञानदेव पोरांना सांगायचा ते असं: हवेतला कार्बन समुद्र गिळतो. समुद्रातला कार्बन हा दाणा गिळतो. त्यातला काही स्वतः खातो, काहीची टिकली करून अंगावर चढवतो. मग मरतो आणि टिकल्यांसकट तळाला जाऊन बसतो. असे कोट्यवधी वर्षं कोट्यवधी दाणे बसत गेले, त्यांचे विलायतेत खडूचे डोंगर झालेत. "आणि आपण समजतो जगाचा गाडा पुढारी हाकतात," असं म्हणून तो फळा पुसायचा.

त्याचा प्रश्न साधा होता. कारखान्यांचा, आगगाड्यांचा, मोटारींचा धूर वर्षागणिक वाढत चाललाय. हवेत कार्बन वाढला तर हे शेवाळ जास्त खाईल का? जास्त खाल्लं तर समुद्र माणसाची सगळी घाण पोटात घालून मोकळा होईल का? मुंबईचे आणि विलायतेचे लोक मोठमोठ्या यंत्रांवर हे तपासत होते. ज्ञानदेवाकडं यंत्र नव्हतं. त्याच्याकडं होती शिरूरच्या कॉलेजातली एक खोली, चार ट्यूबलाइटी, निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर, गारव्यासाठी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली फळकुटाची पेटी, आणि बाजारपेठेतला मल्हारी सोडावाला. मल्हारीच्या कारखान्यात गोळीच्या सोड्यात भरायच्या वायूचं नळकांडं होतं. कार्बनचा वायू तो हाच. ज्ञानदेव सकाळी फुटबॉलचा ब्लॅडर घेऊन जायचा, मल्हारी तो फुगवून द्यायचा, आणि हा ब्लॅडर काखेत मारून भर पेठेतून कॉलेजात यायचा. लोक म्हणायचे, प्रोफेसराला खेळाचं याड लागलंय.

सहा बाटल्यांत तो रोज हा वायू सोडायचा. सहा बाटल्या नुसत्या हवेवर ठेवायचा. वायू सोडायच्या बाटल्यांना घट्ट रबरी बूच पाहिजे, म्हणून त्यानं दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. बुचात सुई खुपसली की काम झालं. नुसत्या हवेच्या बाटल्यांना बुचाची गरजच नव्हती, म्हणून त्या कॉलेजच्याच, रुंद तोंडाच्या, वर कापसाचा बोळा. दहा दिवसांनी रक्त तपासायच्या चौकटीच्या काचेवर थेंब घ्यायचा आणि दाणे मोजायचे. दीड वर्षात हा प्रयोग त्यानं अकरा वेळा केला, आणि अकराही वेळा वायूच्या बाटल्यांत दाणे दीडपट निघाले.

दीडपट! पुण्याच्या त्याच्या गाइडबाई, मोजून बोलणारी बाई ती, आकडे बघून खुर्चीतून उठल्या. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये पुण्यात एक परिसंवाद होता. देशाच्या संशोधन जहाजाचे मुख्य शास्त्रज्ञ गोव्याहून यायचे होते, आणि एप्रिलमध्ये ते जहाज तीन आठवडे अरबी समुद्रात जायचं होतं. कॉलेजांतल्या दोन प्राध्यापकांना त्यावर जागा मिळणार होती. निबंध ऐकून तिथंच निवड. बाई म्हणाल्या, "ज्ञानदेव, एक जागा तुझी आहे असं समज."

तो रस्त्यानं तरंगतच एस्टी स्टँडवर आला. ह्या माणसाची गंमत कुणाला ठाऊक नव्हती. समुद्रावर पीएच.डी. करणाऱ्या ज्ञानदेवानं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. छप्पन सालच्या डिसेंबरात, नऊ वर्षांचा असताना, आईचा पदर धरून दादरच्या चौपाटीवर. सगळी माणसं रडत होती. त्यानं पाण्याकडं नीट बघितलंच नव्हतं. त्यानंतर समुद्र म्हणजे दोन बरण्या. त्याला एकदा, फक्त एकदा, चारी बाजूंना काठ नसलेलं पाणी बघायचं होतं, आणि त्यातला ताजा थेंब काचेवर घेऊन आपला दाणा जिवंत, त्याच्या घरी, बघायचा होता. बाकी पदवी वगैरे लोकांना सांगायला. दौंडला त्यानं हे जाहीर केल्यावर म्हाळूआबांनी फलाटावर सगळ्या हमालांना पेढे वाटले. जागा मिळायच्या आधीच! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

आणि मग एक दिवस ज्ञानदेवाच्या कोपरानं एक बाटली फुटली.

बाटली रुंद तोंडाची, नुसत्या हवेची. परिसंवादाला पंचवीस दिवस होते आणि बाराव्या वेळचा प्रयोग मांडायचा होता. दुसरी रुंद बाटली कॉलेजात नव्हती. ज्ञानदेव म्हणाला, अडतंय कुठं? सलाइनची एक बाटली घेतली, वायू न सोडता वर कापूस घालून ठेवून दिली. दहाव्या दिवशी मोजायला बसला. वायूच्या बाटल्या नेहमीसारख्या दीडपट. रुंद बाटल्या नेहमीसारख्या. आणि ती एकटी सलाइनची बाटली, जिला वायूचा एक बुडबुडाही दिला नव्हता, तीही दीडपट.

त्यानं थेंब पुन्हा घेतला. पुन्हा मोजला. मग दुसऱ्या काचेवर मोजला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आधी त्याला वाटलं, शेजारच्या बाटलीतून वायू झिरपला असेल. मग रबर तपासलं, कापूस तपासला, उजेड तपासला. सगळं जागच्या जागी. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रिकामी बाटली हातात घेऊन उन्हाकडं धरून बघत असताना त्याच्या डोक्यात आलं की ही बाटली आपल्या हातात येते धुतलेलीच. त्याआधी तिचं काय होतं?

बाटल्या धुवायच्या झुंबरबाई. कारेगावच्या, पाटलांच्या भावकीतल्या. नवरा गेल्यावर कॉलेजात कामाला लागलेल्या. पंचेचाळिशीची बाई, जिभेला धार. पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "त्या दौंडच्या सरांची कपबशी पण तुम्हीच धुता व्हय?" तर बाई म्हणाल्या, "धुते की. तुझीबी आण, तिला जास्त गरज हाय." तेव्हापासून ज्ञानदेव त्यांना मावशी म्हणायचा.

प्रयोगशाळेच्या मागं मोरी होती. ज्ञानदेव दारात जाऊन उभा राहिला. "मावशी, ही सलाइनची बाटली कशी धुता तेवढं दाखवा मला."

झुंबरबाईंचा चेहरा उजळला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कामाची विचारपूस करत होतं. "या की सर. बघा." त्यांनी आधी अ‍ॅसिडचं पाणी बाटलीत फिरवलं, ओतलं, बाटली विसळली. इथवर सगळं ज्ञानदेवानं सांगितल्याबरहुकूम. मग त्यांनी कोनाड्यातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात चाळलेली, पिठासारखी मऊ राख. चिमूटभर राख बाटलीत, चार बारीक खडे, थोडं पाणी. तोंडावर तळहात दाबला आणि खुळखुळ खुळखुळ बाटली हलवायला लागल्या.

"हे... हे काय?"

"राख. घरची हाय, बाभळीची. कालिजला काय खर्च न्हाई त्येचा."

"पण मी अ‍ॅसिडनं सांगितलं होतं ना?"

"त्ये आधी करतेच की. पर अ‍ॅसिडनं मन भरत न्हाई सर. हिची मान बघा कशी बगळ्यावानी, आत बुरूश जातोय कुठं? आमच्या सासूबाई तेलाच्या बाटल्या अशाच काढायच्या. कशी लखलखीत निघती बघा."

"आणि रुंद बाटल्या? त्यांना पण राख?"

"त्यांना कशाला? त्यात हात बी जातोय आन् बुरूश बी."

"नंतर किती पाण्यानं विसळता?"

"दोन. नळाला धार असली तर तीन."

मग ज्ञानदेव ओरडला. काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. दीड वर्ष मातीत, अकरा प्रयोग मातीत, जहाज मातीत. अक्कल, अडाणीपणा, सगळं बोलला. झुंबरबाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. त्या रडतील असं त्याला वाटलं. त्या रडल्या नाहीत.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. सहा वरसं मी ह्या मोरीत बसती. एकदा तरी तुमी हितं डोकावलाय? राख घालू नका म्हणून कवा सांगितलंय? आन् राखेनं असं काय वाईट हुतंय? परसातल्या घेवड्याला मूठभर टाकली की येल मांडवावर जातोय. खत हाय त्ये, इख न्हाई!"

वनस्पतिशास्त्राचं सुवर्णपदक घेतलेला माणूस, आणि त्याला मोरीत उभं राहून घेवड्यावरून शिकावं लागलं. बाटलीच्या मानेला, खांद्याला राखेचा अंश राहत होता. त्या राखेवर दाणे पोसत होते. वायूचा संबंधच नव्हता. समुद्रात कार्बन काही कमी नाही; दाण्याला उपास घडतो तो खताचा, शेतातल्या पिकाला घडतो तसाच. आणि खत ज्या बाटल्यांत, नेमका त्याच बाटल्यांत तो वायू सोडत होता.

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती राखेबद्दल नव्हती. एकाच प्रयोगाला दोन जातीच्या बाटल्या घेतल्या कुणी? त्यानं. पहिल्या वर्षाच्या पोरानं केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर काढला असता. आणि त्याची आई ताईबाई, तिनं दौंडच्या रेल्वे कँटीनमध्ये वीस वर्षं कपबशा विसळल्या होत्या. तिच्या हाताला पडलेल्या भेगा त्यानं लहानपणी मोजल्या होत्या. त्या आईच्या पोरानं सहा वर्षांत मोरीत एकदा डोकावून बघितलं नव्हतं.

"मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला.

"व्हय, चुकलंच," झुंबरबाई म्हणाल्या आणि बाटली विसळायला लागल्या.

परिसंवादाला बारा दिवस होते. त्यानं सगळ्या बाटल्या सलाइनच्या घेतल्या, स्वतः मोरीत उभं राहून अ‍ॅसिडनं आणि दहा दहा पाण्यांनी धुऊन घेतल्या. चारांत वायू, चारांत नुसती हवा, चारांत नुसती हवा आणि चिमटीच्या टोकावर राहील एवढी राख. शिवाय राखेनं घासून एक ते दहा पाण्यांनी विसळलेल्या दहा बाटल्या वेगळ्या मांडल्या. दहाव्या दिवशी मोजणी. वायूच्या आणि हवेच्या बाटल्या सारख्या. एखादा दाणा इकडं, एखादा तिकडं. राखेच्या बाटल्या दीडपटीला थोड्या वरच. आता शंकेला जागाच उरली नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पदार्थविज्ञानाचे साहेबराव शेजारच्या खोलीतून आले, आकडे बघितले आणि दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता, ज्ञानदेवाचा दोस्तच. "हे आत्ता कुणाला ठाऊक आहे? तुला, मला आणि झुंबरबाईला. परवा अकरा प्रयोग वाच. ते काय खोटे आहेत? मोजलेलेच आकडे ना? जहाजावर जाऊन ये, मग सावकाश दुरुस्ती छाप. शास्त्रात असंच चालतं."

ज्ञानदेवानं आकड्यांची वही मिटली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्याला ते पटत होतं. एवढंसं गप्प बसायचं. तीन आठवडे काठ नसलेलं पाणी. आबांनी वाटलेले पेढे.

निघायच्या दिवशी सकाळी झुंबरबाई स्टँडवर आल्या. हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. "सर, साहेबराव सर बोलत हुते ते मी ऐकलं. माझं एक ऐका. तितं खरं सांगायचं असलं तर माझं नाव घ्या. म्हणा, अडाणी बाईनं घोळ केला. मला कोण तितं वळखतंय? तुमच्यावर काय येणार न्हाई."

एस्टीनं भोंगा दिला आणि ज्ञानदेव चढला. कोरेगाव भीमा गेलं, नदी गेली, तरी तो तेच घोळवत होता. ही वाट त्याला आवडली, हेही सांगितलं पाहिजे. खरंही बोलल्यासारखं होत होतं आणि माथ्यावरचं खापरही दुसरीकडं फुटत होतं. धुणाऱ्या बाईची चूक. बिचारा संशोधक काय करणार? सभेला ते लगेच पटलं असतं, जहाजवाल्यालाही. गोल्ड-मेडली अब्रू शाबूत राहिली असती.

पुण्याला पोचल्यावर त्यानं गाइडबाईंना एका कोपऱ्यात सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "तुला पंधरा मिनिटं आहेत. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी पहिल्या रांगेत बसणार, एवढं नक्की."

ज्ञानदेव उभा राहिला. समोर शे-सव्वाशे माणसं, मधोमध गोव्याचे मुख्य शास्त्रज्ञ, उन्हानं रापलेले, दाढी पांढरी, हात छातीवर बांधलेले. ज्ञानदेवानं अकरा प्रयोगांचा तक्ता लावला. दीडपट. सभा पुढं सरकून बसली. दोघा-तिघांनी लिहून घेतलं. तो तिथं थांबू शकत होता. इथवरचं एकही अक्षर खोटं नव्हतं.

त्यानं दुसरा तक्ता लावला.

"हे सगळं चुकीचं आहे," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. त्याला दुसरा आवाजच नव्हता. "हा परिणाम वायूचा नाही, राखेचा आहे. आमच्याकडं अरुंद तोंडाची बाटली राखेनं घासतात. घराघरात घासतात, माझ्या घरीही घासतात. वायू मी फक्त त्याच बाटल्यांत सोडला. चूक माझी आहे. दोन तऱ्हेच्या बाटल्या मी निवडल्या, आणि त्या धुतात कशा हे दीड वर्ष मी विचारलं नाही. धुणाऱ्या बाईंनी त्यांचं काम चोख केलं होतं. मी माझं केलं नव्हतं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. राख! समुद्राच्या कार्बनचा प्रश्न आणि चुलीतली राख! ज्ञानदेवाचे कान तापले, पण तो खाली बसला नाही. नवे आकडे वाचले, राखेच्या बाटल्यांचे आकडे वाचले आणि म्हणाला, "माझ्या बाटल्यांपुरतं इतकंच सांगता येतं की दाण्याची भूक कार्बनची नाही, खताची आहे. समुद्र माणसाचा धूर किती गिळेल, मला ठाऊक नाही. दोन आठवड्यांपूर्वी ठाऊक होतं."

मुख्य शास्त्रज्ञांनी एकच प्रश्न विचारला. "किती पाण्यांनी धुतल्यावर राखेचा परिणाम जातो?"

"आठ. सातव्यापर्यंत थोडा दिसतो. मी दहा ठेवलीत."

त्यांनी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी नावं जाहीर झाली. एक जागा मुंबईच्या प्राध्यापकाला, एक कोल्हापूरच्या बाईंना. ज्ञानदेवानं टाळ्या वाजवल्या. मग चहाचा कप घेऊन तो अंगणात एका झाडाखाली गेला. आता दौंडला काय सांगायचं? आबा काही विचारणार नाहीत, आणि तेच जास्त लागेल.

"शिरूर," मागून हाक आली. मुख्य शास्त्रज्ञांना त्याचं नाव लक्षात नव्हतं. "त्या दोन जागा निबंधाच्या होत्या. तुझ्याकडं निबंध उरला नाही."

"नाही, सर."

"माझ्याकडं एक तिसरी जागा आहे. ती जाहीर केली नाही, कारण जाहीर केली की माणसं रागावतात. जहाजावर बाराशे बाटल्या असतात. समुद्राचं पाणी वेगवेगळ्या खोलीवरून काढायचं, बाटलीत भरायचं. गेल्या सफरीतले निम्मे आकडे मी टाकून दिले, कारण बाटल्या कशा धुतल्या ते कुणालाच सांगता येईना. विचारलं तर प्रत्येक जण म्हणे, ते खालच्या माणसाचं काम. मला असा माणूस हवाय, जो मोरीत उभा राहील. तीन आठवडे, बाटल्या धुणे. प्रयोगाला वेळ मिळेल न मिळेल. नाव कुठल्याच निबंधावर येणार नाही. तू सुवर्णपदकवाला आहेस म्हणे. अपमान वाटला तर सांग, मी मनावर घेणार नाही."

ज्ञानदेवाला एक क्षण खरंच वाटला. हमालाचं पोरगं, कपबशा विसळणारीचं पोरगं, एवढं शिकून पुन्हा मोरीतच? मग त्यानं समोरच्या माणसाकडं नीट बघितलं. तो माणूस चेष्टा करत नव्हता. अख्ख्या सभेत हसला नव्हता तो हाच एक.

"येतो," ज्ञानदेव म्हणाला. "पण बाटल्या सगळ्या एका जातीच्या पाहिजेत."

सोमवारी तो शिरूरला आला तो थेट मोरीत. झुंबरबाई परीक्षानळ्या पुसत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय झालं? माझं नाव सांगितलं?"

"न्हाई."

"मग गेलं म्हणा जहाज."

"न्हाई गेलं. घेतलंय मला. बाटल्या धुवायला."

झुंबरबाईंनी हातातला फडका खाली ठेवला. "एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

हसतील, चेष्टा करतील, अशी त्याची तयारी होती. पण झुंबरबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते कोपरानं पुसले आणि जरा सरकून नळापुढं त्याला जागा करून दिली.

"बाह्या वर घ्या," त्या म्हणाल्या. "घड्याळ काढून ठिवा. राखेबिगर मान कशी साफ करायची ते माझं मी शोधलंय तवर. सुताला चिंधीची गाठ मारायची, आत सोडायची आन् बाटली फिरवायची, हात न्हाई. बघा."

ज्ञानदेवानं बघितलं आणि केलं. अ‍ॅसिड, चिंधी, दहा पाणी. पहिली बाटली त्याला चांगली लखलखीत वाटली. त्यानं ती ऐटीत पुढं केली. झुंबरबाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, हळूहळू एक वेढा फिरवली, खांद्यापाशी नजर रोखून बघितली आणि परत त्याच्या हातात दिली.

"ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "परत धुवा."